हवाई अंतर मोजणारी वेबसाइट: अंतर चोख, वेळेवर विसंबू नका

नकाशे बघत बसायची हौस असेल तर ही वेबसाइट सोडवणार नाही. दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की हवाई अंतर आणि लागणारा वेळ लगेच समोर. मोठ्या शहरांच्या जोडीवर अशा गोष्टीची पारख होत नाही, म्हणून मी मुद्दाम आडबाजूची जोडी घेतली: अटलांटिकमधलं सेंट हेलेना (एचएलई) आणि पॅसिफिकमधलं ईस्टर आयलंड (आयपीसी).

अंतर आलं सुमारे 10,500 किलोमीटर. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. इथे पृथ्वी अगदी गोल धरली आहे, त्यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडेल, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. तेवढं चालतं. सोबतची रेषा तर बघतच राहावी अशी. एक बेट 16 अंश दक्षिणेला, दुसरं 27 अंशांवर, पण सर्वांत जवळची वाट मात्र 33 अंशांजवळ खाली उतरते आणि निम्म्यावर चक्क उरुग्वेवरून जाते! सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे कधीच कळलं नसतं.

वेळेचं मात्र पटलं नाही. ताशी 850 किलोमीटर वेग आणि वर अर्धा तास, एवढ्यावर ‘12 तास 52 मिनिटं’ लिहून मोकळे. या दोन बेटांमध्ये थेट विमानच नाही. सेंट हेलेनाची धावपट्टी जेमतेम 1,950 मीटरची. 2017 साली तिथे नियमित सेवा सुरू झाली ती एम्ब्रेअर 190 या छोट्या जेटने, आणि त्याचा पल्ला या दोन बेटांमधल्या अंतराच्या निम्माही नाही. वारा इतका बेभरवशाचा की उतरता आलं नाही तर मागे फिरण्यापुरतं इंधन लागतंच, म्हणून जोहान्सबर्गहून येताना ते नामिबियात इंधन भरून घेतं. खरी वाट धरायची तर जोहान्सबर्ग, साओ पाउलो, सांतियागो आणि मग ईस्टर आयलंड. याच वेबसाइटवर एकेक टप्पा मोजून बेरीज केली, तर साडेसतरा हजार किलोमीटर भरले! बदलत्या विमानांची वाट पाहण्यातला वेळ तर निराळाच.

दुसरी उणीव वाऱ्याची. सांतियागो ते ईस्टर आयलंड साधारण 3,750 किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो, त्यामुळे परतीचं उड्डाण पाऊण तासाच्या आसपास लवकर संपतं. इथे जायला-यायला एकच आकडा.

अंतरासाठी मी ही वेबसाइट डोळे झाकून सुचवेन. शिकवणाऱ्यांनी तर वर्गात उघडावीच. पण सहल आखायला बसलात तर वेळेचा रकाना झाका आणि विमान कंपनीचं वेळापत्रक उघडा. बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: जिथे थेट विमान नाही, तिथे मिनिटांच्या जागी तसं स्पष्ट लिहा.