मंगलोरी कौल की रंगीत पत्रा? आधी छपराचा ढाळ मोजा

राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराचे छप्पर नव्याने करताना ओटी आणि माजघरावरच्या दोन्ही पाख्यांवर (छपराच्या उतरत्या बाजूंवर) मंगलोरी कौले कायम ठेवली आणि पुढच्या-मागच्या पडव्यांवर रंगीत पोलादी पत्रा घातला. त्यावरून आता काही पावसाळे गेले असल्याने दोन्ही मालांविषयी अनुभवाने लिहिता येते. पत्र्याच्या दुकानांत रंग कोणता आणि जाडी किती एवढेच विचारले जाते. छपराला ढाळ किती आहे, हे आम्हाला एकाही ठिकाणी कोणी विचारले नाही. माझ्या मते सौद्याची सुरुवातच त्या प्रश्नाने व्हायला हवी.

ढाळ घरच्या घरी मोजता येतो. पाणसळ आडवी धरून तिचे एक टोक वाशाला टेकवावे आणि तेथून बारा इंचांवर वासा किती खाली उतरला आहे, ते टेपने पाहावे. सुमारे सात इंच भरले तर उतार ३० अंश, सव्वातीन इंच भरले तर १५ अंश आणि दोन इंचांच्या आसपास भरले तर जेमतेम १० अंश समजावा. आमच्या मुख्य पाख्यांवर सात इंच भरले, पडव्यांवर तीनच.

मंगलोरी कौल १८६०च्या दशकात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात सुरू केलेल्या कारखानदारीतून पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्याच्या कडांच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात आणि पाठीवरचे खुंट रिपेला (वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्टीला) अडकतात, परंतु हे सांधे जलरोधक नसतात. पाणी साचण्याआधी वाहून जाते म्हणूनच ते आत येत नाही. शिवाय प्रत्येक कौलाचे खालचे टोक पुढच्या कौलावर टेकलेले असल्यामुळे कौलाचा स्वतःचा उतार वाशाच्या उतारापेक्षा नेहमी थोडा कमी भरतो, ही गोष्ट हिशेबात घेतली जात नाही. सर्वसाधारणपणे उतार २६ अंशांपर्यंत कमी असला तरी कौल चालते असे मानतात. पण जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, तिथे ३० अंशांच्या खाली कौल घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या मुख्य पाख्यांवर कौलांनी एक थेंबही आत येऊ दिलेला नाही आणि मे महिन्याच्या दुपारीही माळ्यावर काम करता येते. मात्र ३० अंशांच्या पाख्याचे क्षेत्रफळ खालच्या जमिनीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त भरते, चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौले लागतात आणि कोरड्या कौलांचेच वजन चौरस मीटरला ४० किलोंच्या घरात जाते. भिजल्यावर ते आणखी वाढते. म्हणून वासे आणि रिपा कसून तपासल्याखेरीज जुन्या लाकडावर नवी कौले चढवू नयेत. माकडांचा उपद्रव असलेल्या वाडीत कौले फुटणार हे धरूनच चालावे लागते, आणि शाकारणीला (कौले काढून पुन्हा नीट बसवायला) माणूस मिळणे दरवर्षी अवघड होत आहे.

पडवीचे गणित अगदी वेगळे आहे. आढ्यापासून निघालेला पाखा पडवीपर्यंत येताना माणसाला उभे राहता यावे म्हणून चपटा केला जातो. म्हणजे वरच्या संपूर्ण पाख्याचे पाणी जिथे गोळा होते, तिथेच त्याला पळायला उतार सर्वांत कमी मिळतो. कोकणातल्या कितीतरी घरांत मुख्य छप्पर कोरडे असूनही पडवी गळते, त्याचे कारण बहुधा हेच असते आणि दोष मात्र कौलांना दिला जातो. अशा ठिकाणी सांधे कमी असलेला माल हवा, आणि तिथे पत्रा खरोखर कौलापेक्षा सरस ठरतो.

त्यातही प्रकार निवडावा लागतो. कौलाच्या आकाराचा रंगीत पत्रा दिसायला देखणा असतो, परंतु त्याच्या प्रत्येक आडव्या पायरीवर पाण्याचा वेग कमी होतो. चौदा अंशांच्या उतारावर मला तो धोका नको होता. म्हणून सरळ उभ्या घड्यांचा, जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्याचा, ०.५० मिलिमीटर जाडीचा पत्रा वरपासून पागोळीपर्यंत (छपराच्या खालच्या कडेपर्यंत) एकाच लांबीत कापून घेतला, त्यामुळे मध्ये आडवा जोड आलाच नाही. जिथे जोड टाळता येत नाही, तिथे चांगल्या उतारावर एका पत्र्याची दुसऱ्यावर १५० मिलिमीटरची चढण पुरते. उतार कमी असेल तर ती वाढवून मध्ये सीलंटची पट्टी द्यावी. स्क्रू रबरी वायसरसह घडीच्या माथ्यावर मारलेले असावेत, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हे.

वाऱ्याचा विचारही ढाळापासून सुटत नाही. कमी उताराच्या हलक्या पत्र्याला वारा वर ओढतो आणि पागोळीच्या बाजूने बाहेर आलेला भाग प्रथम उचलला जातो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात पत्रे आणि कौले दोन्ही उडाली, त्यामुळे केवळ माल बदलून सुरक्षितता मिळते असे मानता येत नाही. आम्ही पागोळीच्या ओळीत आणि दोन्ही टोकांना स्क्रू दाट मारून घेतले आणि पत्रा भिंतीबाहेर गरजेपुरताच काढला.

पत्र्याचे दोष मोठे आहेत, ते लपवू नयेत. मुसळधार पावसात पडवीत बसून बोलणे अशक्य होते, दुपारी खालची हवा तापते, आणि कापलेल्या कडांना खारी हवा लागली की गंज तिथूनच धरतो, म्हणून कापल्याबरोबर कडांना रंग लावून घ्यावा. सर्वांत नाजूक जागा म्हणजे कौल संपून पत्रा सुरू होतो ती रेषा. तिथे पत्रा कौलांच्या शेवटच्या ओळीखाली सुमारे फूटभर आत सरकवलेला हवा आणि त्याचे वरचे टोक किंचित वर वळवलेले हवे. ठेकेदार ही वळण बहुतेकदा गाळतात, म्हणून ती करून घेतल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये.