नागपूरचं हायकोर्ट: तारखेपायी गेलो अन् इमारतच पायत बसलो

काकाच्या धुऱ्याची (वावराच्या बांधाची) केस होती म्हणून आर्वीकडून पहाटच्या एसटीनं निघालो, केस तर पुढच्या तारखेवर गेलीच बाप्पा, पण सिव्हिल लाइन्समधली ती इमारत पाहून तिकिटाचे पैसे वसूल झाले. हेन्री मेड नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं काढलेली, नवी दिल्ली बांधताना पण हाच माणूस कामावर होता. पायाभरणी 1937 ले, उद्घाटन जानेवारी 1940 मधे, तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं ना. मधातला घुमट तर रस्त्यावरूनच दिसते, अन् खांबाच्या रांगेत उभं रायलं की आपण लय बारके वाटतो. काका म्हणे, "एवढ्या दगडात आपलं अख्खं गाव बसलं असतं बे!" बाहेर नागपूरचं ऊन, अन् व्हरांड्यात मस्त गारवा. आत जायला पास लागते, आधार कार्ड सोबत ठेवा, फोटोचं तर नावच काढू नका. बसायला जागा कमी, म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. इमारतीले पाचपैकी पाच, बसायच्या सोयीले दोन. येताना तर्री पोहे हाणले, ते वेगळं.