झाकिन्थोसला जाताय? नवायोच्या बोटीचं तिकीट काढण्याआधी वाचा

ग्रीसमधल्या झाकिन्थोस बेटाचं नाव ऐकलं नसलं, तरी तिथला फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. पांढरे उभे कडे, त्यांच्या कुशीत वाळूत रुतलेलं गंजकं जहाज आणि पुढे निळंशार पाणी. हा नवायोचा किनारा. 1980 मध्ये 'पानायोटिस' नावाचं जहाज इथे अडकलं ते कायमचंच. या फोटोच्या जोरावर बेटावर खोटी तिकिटं विकली जातात.

नवायोच्या वाळूवर उतरायला बंदी आहे. 2018 मध्ये कड्याचा भाग किनाऱ्यावर कोसळून पर्यटक जखमी झाले होते. 2022 च्या सप्टेंबरात भूकंपानंतर पुन्हा दरड आली आणि 2023 च्या हंगामापासून किनारा बंद झाला. बोटी लांब थांबतात, लोक फोटो काढतात आणि बोट वळते. बेटावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, म्हणूनच माझा राग अजून गेलेला नाही.

आम्ही 2024 च्या जूनमध्ये गेलो होतो. मी जर्मनीत नोकरीला आहे, आई-बाबा नाशिकहून आले होते. लगानासच्या मुख्य रस्त्यावर बुकिंगच्या टपऱ्या ओळीने आहेत. त्यातल्या एकीच्या फलकावर जहाजाला टेकून उभ्या असलेल्या माणसांचा फोटो होता. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी खोदून विचारलं, बोट किनाऱ्याला लागते ना, शिडीवरून पाण्यात उडी तर मारायची नाही? तो माणूस म्हणाला, "थेट वाळूवर उतराल. तासभर पोहा, आईंना सावलीत बसवा." माणशी 40 युरो, तेही रोख, कारण कार्डाचं मशीन बंद होतं म्हणे. हातात एक रंगीत कुपन मिळालं. त्यावर ना कंपनीचं नाव, ना कर क्रमांक, फक्त पेनाने लिहिलेला आकडा आणि वेळ.

पोर्तो व्रोमीहून बोट निघाली. त्या दिवशी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत होता. किनारा समोर दिसला आणि इंजिन मंदावलं. ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, लाटा जास्त आहेत, आज उतरता येणार नाही. बोटीवर एकच गलका झाला. शेजारच्या पोलिश कुटुंबालाही वाळूवर उतरवण्याचंच सांगितलं होतं, तिकीट मात्र दुसऱ्या टपरीवरचं. दोर गुंडाळणाऱ्या पोऱ्याला मी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा तो खरं बोलला: "मॅडम, या हंगामात कुणालाच उतरवलेलं नाही." आई वाळूवर अंथरायला चादर घेऊन आली होती. बाबा गप्प बसून होते. म्हाताऱ्या माणसांनी इतक्या लांबून यावं आणि त्यांना असं फसवावं, याची मला चीड आली.

परतल्यावर टपरीवाला म्हणाला, हवामानाचा दोष, पैसे परत नाहीत. वर माणशी 10 युरोत 'कासव हमखास दाखवणारी' बोट देऊ केली. आम्ही ती नाकारली. लगानासच्या खाडीत कारेटा कारेटा कासवं अंडी घालायला येतात. खाडी 1999 पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि बोटींना सहा नॉटच्या (ताशी सुमारे 11 किलोमीटरच्या) वर वेगाने जायची मुभा नाही. तरी एक कासव श्वास घ्यायला वर आलं की चार बोटी त्याला घेरताना आम्ही किनाऱ्यावरून पाहिलं. कासव हमखास दाखवायचं म्हणजे त्याचा पाठलाग करणंच आलं. असं तिकीट कृपा करून घेऊ नका.

आम्ही बंदरावरच्या तटरक्षक कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली, पण पहिला प्रश्न पावतीचा. ती नव्हती, त्यामुळे पैसे कुणी घेतले हेच सिद्ध होईना. ग्रीसमध्ये पावती दिली नाही, तर ग्राहकावर पैसे देण्याचं बंधन नाही. ही सूचना तिथल्या मेनूकार्डांवरही छापलेली असते. तेव्हा पावती हातात पडेपर्यंत पाकीट उघडू नका. बोट कुठे थांबणार, पाण्यात कुठे उतरू देणार, हे तिकिटावर लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं केली, तर पुढच्या टपरीवर जा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1571 आहे, तो फोनमध्ये ठेवा. आमचे 120 युरो अजून परत मिळालेले नाहीत.