आडवाटेचे ब्लॉग शोधताना : शोधयंत्र, सूची, शेजारयादी आणि फीड

निपाणीच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला एक नेमका प्रश्न विचारला. तिला रोज रात्री अर्धा तास वाचायला मिळतो, आणि त्या वेळेत तिला वर्तमानपत्री लेख किंवा काही विकायला बसलेली संकेतस्थळे वाचायची नाहीत. एखादा माणूस केवळ हौसेने मोडी कागद वाचतो, एखादी बाई पावसाळ्यातल्या रानभाज्यांची नोंद ठेवते, कोणी जुन्या हातमागाविषयी लिहितो, असे एकेकट्या माणसांनी चालवलेले ब्लॉग तिला हवे आहेत. ते शोधण्यासाठी तिने वेळ कुठे घालवावा? बेळगावात राहून मी गेली बरीच वर्षे याच प्रकारचे वाचन करीत आलो आहे. तिला तोंडी दिलेले उत्तर अपुरे वाटले, म्हणून सर्व मार्ग शेजारी ठेवून हा आढावा लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण शोधण्याच्या अडचणींचे मूळ तिच्यात आहे. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ साली रूढ होऊ लागला, ब्लॉग चालवण्याची ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गूगलकडे गेली, त्याच वर्षी त्याच कामाचे वर्डप्रेसही आले. मराठीत मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकन करणे सोपे झाल्यावरच ही लाट आली. त्याआधीचे पुष्कळसे मराठी लेखन निरनिराळ्या फॉन्टांच्या आधाराने केलेले होते. पडद्यावर ते मराठी दिसे, पण यंत्राला त्यात असंबद्ध रोमन अक्षरे दिसत आणि त्यामुळे ते शोधात सापडत नसे. साहजिकच आज शोधून मिळणारे मराठी ब्लॉग प्रामुख्याने २००५ च्या आसपासचे आणि त्यानंतरचे आहेत, आणि त्यांतले कितीतरी चार-पाच वर्षे नियमित चालून थांबलेले आहेत.

पहिला मार्ग सर्वांच्या हाताशी असलेला, म्हणजे गूगलसारखे शोधयंत्र. विषय एखाद्या जागेशी बांधलेला असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो. पण सीमाभागातल्या वाचकाला त्यात अशी एक अडचण येते, जी पुण्याच्या वाचकाला सहसा येत नाही. आपल्या गावांची नावे एकाच रूपात लिहिली जात नाहीत. बेळगाव हे रूप मराठीत रुळलेले आहे. अनुस्वाराचे जुने नियम अंगवळणी पडलेली मंडळी अजूनही ‘बेळगांव’ लिहितात, कारण मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम १९६२ चे असले तरी हाताचे वळण नियमाने बदलत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे त्यानंतरच्या काही लेखांत तेही दिसते. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी यांचीही तीच गत आहे. शोधयंत्र काही वेळा ही रूपे आपणहून जुळवून घेते, पुष्कळदा घेत नाही. म्हणून सीमाभागाविषयी काही शोधायचे असेल तर एकच शोध तीन-चार रूपांनी करावा लागतो. हा कंटाळवाणा उद्योग आहे हे मला मान्य आहे, परंतु माझ्या संग्रहातले काही सर्वांत चांगले ब्लॉग मला ‘बेळगांव’ या अनुस्वारयुक्त रूपानेच मिळाले आहेत.

याच्या उलटही घडते, म्हणजे नाव एक आणि गावे दोन. बेळगाव जिल्ह्यातले खानापूर हवे असताना खानापूर लिहून शोधल्यावर सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका समोर येतो. अशा वेळी सोबत जांबोटी, लोंढा, कणकुंबी किंवा हलशी यांपैकी एखादे नाव जोडले की शोध आपल्या तालुक्यात येतो. किल्ल्यांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. येळ्ळूरचा किल्ला कोणी येळ्ळूरगड म्हणून लिहितो तर कोणी राजहंसगड म्हणून, आणि यांतल्या एकाच नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाने लिहिलेले सगळे अनुभव अदृश्य राहतात.

शोधयंत्राचा मोठा दोष असा की, पर्यटनाची संकेतस्थळे, बातम्या आणि पाककृतींची व्यापारी भांडारे पहिल्या पानांवर जागा अडवून बसतात. त्यावर दोन उपाय मला लागू पडले आहेत. पहिला तांत्रिक आहे : शोधशब्दांनंतर ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, अपूर्णविरामचिन्ह देऊन, मध्ये जागा न सोडता ब्लॉगस्पॉट (ब्लॉगरवरच्या ब्लॉगांचे घर) किंवा वर्डप्रेसचा पत्ता लिहिला, तर निकाल तेवढ्याच घरातले येतात, मात्र ज्यांनी स्वतःच्या नावाचा वेगळा पत्ता घेतला आहे ते ब्लॉग यातून निसटतात. दुसरा उपाय भाषेचा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. बेळगावच्या कुंदा या मिठाईविषयी ‘कुंदा पाककृती’ असे शोधण्याऐवजी ‘आमच्या घरी’, ‘आजी सांगायची’, ‘लहानपणी शहापुरात’ असे शब्द अवतरणचिन्हांत घालून त्यांच्यासोबत ‘कुंदा’ लिहावे. व्यापारी संकेतस्थळ ‘आजी सांगायची’ असे सहसा लिहीत नाही. घरचा माणूस लिहितो.

दुसरा मार्ग हौशी लेखनासाठीच उभारलेल्या सूची आणि छोटी शोधयंत्रे यांचा. मार्जिनेलिया हे स्वीडनमधल्या एका माणसाने उभे केलेले शोधयंत्र जाहिरातींनी लडबडलेल्या पानांना मागे सारून मजकूरप्रधान साध्या पानांना पुढे आणते. कागी या कंपनीची ‘स्मॉल वेब’ ही सोय २०२३ पासून वैयक्तिक ब्लॉगांवरचे ताजे लेख एकामागून एक समोर ठेवते, आणि ‘ऊह डिरेक्टरी’ ही २०२२ मध्ये सुरू झालेली सूची विषयवार लावलेली असून कोणता ब्लॉग शेवटचा कधी हलला हेही दाखवते. या तिन्हींची भिस्त इंग्रजीवर आहे. म्हणून तुमची आवड शाईची पेने, जुने रेडिओ, नकाशे किंवा वटवाघळे अशी असेल आणि इंग्रजी वाचनाचा कंटाळा नसेल, तर हाच मार्ग सर्वांत आधी धरावा. वटवाघळांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या, खानापूर तालुक्यातल्या आपल्या भीमगडातल्या बारापेडे गुहांत, रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे एक दुर्मीळ वटवाघूळ राहते, आणि दीर्घकाळ जगाला ते तेवढ्याच ठिकाणी ठाऊक होते. अशा विषयावर दूरदेशीचा एखादा हौशी माणूस जितक्या तपशिलाने लिहितो तितके मराठीत आज मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मराठीपुरते पाहता ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या संकलनांनी एके काळी हे काम मनापासून केले. आज अशा जुन्या याद्या हाती लागल्या तर त्यांतले अनेक दुवे थांबलेल्या ब्लॉगांकडे नेतील, हे धरून चालावे.

मराठी वाचकासाठी माझी पसंती तिसऱ्या मार्गाला आहे. त्याला मी शेजारयादी म्हणतो. ब्लॉगरवरच्या बऱ्याच ब्लॉगांच्या कडेच्या पट्टीत लेखकाने स्वतःला आवडणाऱ्या ब्लॉगांची यादी लावलेली असते, आणि त्या यादीतली नावे ताज्या लेखनाच्या क्रमाने लावण्याची सोय ब्लॉगरमध्ये आहे. तसे केलेले असेल तर यादीच्या वरच्या टोकाला आज जिवंत असलेले ब्लॉग दिसतात आणि तळाशी दहा-बारा वर्षे झोपलेले. ही यादी कोणत्याही यंत्राने केलेली नसते. ज्याचे लेखन तुम्हाला पटले त्या माणसाने ती निवडलेली असते, आणि हौशी माणसाची निवड विषयाच्या कुंपणात राहत नाही. किल्ले हिंडणाऱ्या एका लेखकाच्या यादीतून मी पक्षिनिरीक्षकाकडे गेलो, त्याच्या यादीतून गोव्याच्या हद्दीवरच्या झाडांची नोंद ठेवणाऱ्याकडे, आणि तिथून शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या एका निवृत्त गृहस्थाकडे. शोधयंत्रात ‘शिलालेखांचे ठसे’ असे शब्द टाकण्याचे मला कधी सुचले नसते. या मार्गाचा तोटा असा की, तो हळू आहे आणि पहिला चांगला ब्लॉग हाती असल्यावाचून त्याची सुरुवातच होत नाही. ती सुरुवात शोधयंत्राने करून द्यावी, किंवा ओळखीच्या माणसाने. आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे गावोगावी मराठी साहित्य संमेलने होतात. तिथे भेटलेल्या वाचनवेड्या माणसाला ‘तुम्ही कोणाचे ब्लॉग वाचता?’ एवढे विचारल्याने माझे कित्येक संध्याकाळींचे शोधकाम वाचलेले आहे.

ज्यांना कन्नड वाचता येते त्यांनी हीच शेजारयादीची युक्ती कन्नड ब्लॉगांवर वापरावी. हलशीच्या कदंबकालीन मंदिरांसारखा विषय दोन्ही भाषांतल्या हौशी लेखकांना ओढून घेतो, आणि दोन भाषांतले लेखक एकमेकांना क्वचितच दुवा देतात. तो सांधा वाचकालाच जुळवावा लागतो.

आता फीड. हा शोधण्याचा मार्ग नाही, सापडलेले हरवू न देण्याचा आहे, तरीही या तुलनेत तो घालणे मला आवश्यक वाटते. वर्षातून तीनदा लिहिणाऱ्या माणसाचा ब्लॉग वाचनखूण करून ठेवला तर तुम्ही चार वेळा रिकाम्या हाताने परत याल आणि पाचव्यांदा जाणार नाही. फीड म्हणजे ब्लॉगावरच्या नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी. ती तपासत राहणाऱ्या कार्यक्रमात, म्हणजे फीड वाचकात, ब्लॉगाचा पत्ता एकदा नोंदवला की नवा लेख आल्याची खबर आपोआप मिळते. १९९९ पासून ही व्यवस्था चालत आली आहे. गूगल रीडर हा लोकप्रिय फीड वाचक २००५ मध्ये आला आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. त्या वेळी ज्यांनी आपली यादी ओपीएमएल या, फीडांच्या याद्या साठवण्याच्या धारिकेच्या स्वरूपात उतरवून घेतली त्यांना ती दुसरीकडे जशीच्या तशी नेता आली. आज फीडली किंवा इनोरीडर या सेवा मोफतही वापरता येतात, त्यांत नोंदींच्या संख्येवर मर्यादा असते. फीडही वाचणारा थंडरबर्ड हा संगणकावरचा ई-टपालाचा कार्यक्रम पूर्णपणे मोफत आहे आणि यादी तुमच्याच यंत्रावर राहते. कोणतीही सेवा घ्या, पण वर्षातून एकदा ओपीएमएल उतरवून ठेवा. कणकुंबीसारख्या जंगलपट्ट्यात, जिथे नेटवर्क येते-जाते, तिथे आधी उतरवून घेतलेला मजकूर नंतर वाचता येणे हीदेखील मोठी सोय आहे. मात्र काही ब्लॉग फीडमध्ये लेखाचा थोडासा भागच देतात, तेव्हा मूळ पानावर जावेच लागते.

थांबलेल्या ब्लॉगाबद्दलही माझे मत सांगतो, कारण बहिणीची पहिली प्रतिक्रिया ‘हा तर बंद पडलाय’ अशी होती. राजकारणावरचा जुना लेख शिळा होतो, पण बेळगावातल्या वडगावच्या हातमागावर ताणा कसा लावत याचे २०१० मधले वर्णन आजही तितकेच उपयोगी आहे, किंबहुना माग कमी होत गेल्याने अधिक उपयोगी आहे. असा ब्लॉग पहिल्या लेखापासून क्रमाने वाचावा. पानच उघडत नसेल तर त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये घालून पाहावा. तिथे १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती साठवलेल्या आहेत, आणि छायाचित्रे गळालेली असली तरी मजकूर अनेकदा शाबूत असतो.

बहिणीला मी दिलेला सल्ला असा : इंग्रजी सूचींकडे तिने सध्या वळू नये, कारण तिच्या तिन्ही आवडी मराठी मातीतल्या आहेत. आठवड्यातून एक रात्र शोधयंत्राला द्यावी, तीही गावांची सगळी रूपे वापरून. दोन रात्री शेजारयाद्यांवर हिंडावे, आणि उरलेल्या रात्री फक्त वाचावे. ज्याची आवड रेडिओ किंवा पेने अशी आहे त्याने हा क्रम बदलून सूचींपासून सुरुवात करावी. भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही तिच्या संगणकावर थंडरबर्ड बसवले आणि मोडीवरचे चार, रानभाज्यांवरचे तीन व विणकामावरचे दोन असे नऊ ब्लॉग नोंदवले. त्यांतला रानभाज्यांवरचा एक तिने दुसऱ्याच दिवशी काढून टाकला, कारण त्यात कुरडूच्या भाजीचे छायाचित्र चुकलेले आहे अशी तिची खात्री झाली होती, आणि त्याच ब्लॉगाच्या शेजारयादीतून तिने दोन नवे घातले.