आठ महिने वापरल्यावर: बिलं आपोआप डेटाबेसमध्ये, पण एक दिवस मागे

१० जुलैला संध्याकाळी सीए मॅडमचा फोन. "तुमच्या शीटमध्ये १ जूनची तीन बिलं मे महिन्यात कशी काय?" दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची शेवटची तारीख.

आमचा भोसरीत कोरुगेटेड बॉक्सचा धंदा, महिन्याला सव्वाशे बिलं. नोव्हेंबरपर्यंत बायको रात्री जेवणं आटोपून ती एक्सेलमध्ये चढवायची. मग मी ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर ऑटोमेशनच्या टूलमधून पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडलं. बिल सेव्ह झालं की वेबहुक, म्हणजे बिलाचा डेटा घेऊन आपोआप निघणारा मेसेज येतो, पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) पंधरा अक्षरी आहे ना ते बघितलं जातं, टेबलात ओळ पडते. सीएंना त्या टेबलातून शीट मात्र या महिन्यात पहिल्यांदाच दिली, आधी बिलिंगमधूनच काढायचो. नशीब!

कारण मागे जाऊन पाहिलं तर १ एप्रिलचं बिल ३१ मार्चला बसलेलं. क्रमांकात '२५-२६' आणि तारीख गेल्या आर्थिक वर्षातली!

बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला तिकीट टाकलं. पहिलं उत्तर, ब्राउझरची कॅशे साफ करा. दुसरं, आमच्याकडे तारीख बरोबर दिसते. अरे, तुमच्याकडे दिसणारच, माझ्याकडे का नाही ते सांगा ना! इथवर मी एकच स्टार देणार होतो.

रात्री वेबहुकचा कच्चा डेटा उघडला. १ जूनच्या बिलापुढे ३१ मे, १८:३० आणि शेवटी झेड. म्हणजे हे लोक बिलाची तारीख रात्री बाराची धरतात आणि यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत पाठवतात; झेड ही तिचीच खूण. साडेपाच तास मागे गेलं की आदला दिवस. आणि मी शहाणा, त्यातली पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून भरत होतो. थोडक्यात, आठ महिन्यांतलं प्रत्येक बिल एक दिवस मागे होतं, फक्त एक तारखेलाच ते नजरेला आलं. झेडचा अर्थ त्यांच्या मदतपानावर लिहिलेला आहे, तेव्हा निम्मी चूक माझी. पण बिलाला वेळ हवीच कशाला? नुसती तारीख पाठवा की.

पुढच्या बिलांसाठी एशिया-कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ टाकली आणि जुन्या हजारेक ओळी एका क्वेरीत एक दिवस पुढे सरकवल्या. पोस्टग्रेसवर मात्र जीव जडला. आपलं उत्तर उशिरा गेलं की तोच वेबहुक पुन्हा येतो. बिल क्रमांकावर युनिक, म्हणजे 'एक क्रमांक एकदाच' अशी अट लावलीय, दुसरी ओळ तो घेतच नाही.

ऑटोमेशनचं टूल प्रत्येक पायरीला एक टास्क (केलेलं एक काम) मोजतं हे आधी लक्षात घ्या. गोडाऊनला प्रत्येक बिलामागे व्हॉट्सअ‍ॅप जायचा, तो आता संध्याकाळी एकदाच. सव्वाशेऐवजी पंचवीसेक टास्क.

तीन स्टार. चौथा कॅशेवाल्याने घालवला. १ ऑगस्टचं पहिलं बिल मी स्वतः करणार आहे, आणि लगेच टेबल उघडून बघणार आहे. बायकोने जुनी एक्सेल फाइल अजून डिलीट केलेली नाही.