ओपनसीज आठ महिने वापरल्यावर: माझं सगळं डॅम्पिंगवरच अडलं

ओपनसीज, म्हणजे भूकंपात इमारत कशी वागेल ते काढणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, बर्कली विद्यापीठाचं आहे, मॉडेल टाइप करून बनवावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मी त्याच्याकडे वळलो तो वैतागून. चिपळूणच्या एका स्टिल्ट प्लस सात बिल्डिंगचं नॉनलिनियर टाइम हिस्टरी (भूकंपाच्या नोंदीवर क्षणाक्षणाला, बीम-कॉलम यील्ड होतात हे धरून केलेलं गणित) करत होतो, विकतच्या सॉफ्टवेअरवर, ज्याचं लायसन दरवर्षी घाम काढतं. तिसऱ्या मजल्याच्या एका मधल्या जॉइंटला दोन्ही बीम यील्ड झालेले (म्हणजे ताकदीची मर्यादा गाठलेले), त्यांच्या मोमेंटची बेरीज 280 किलोन्यूटन-मीटर आणि वरच्या-खालच्या कॉलमची 345. दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. मग वरचे 65 आले कुठून? सपोर्टला तीन मेल केले, उत्तर एकच, सर डिफॉल्ट ठेवा, 5% डॅम्पिंग (हादऱ्याची एनर्जी जिरवणं) कोडमध्येच आहे.

अहो, आयएस 1893 या आपल्या भूकंप-कोडमधलं 5% स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे साध्या लिनियर गणितासाठी. नॉनलिनियरमध्ये हिंज (बीम-कॉलमच्या टोकाची यील्ड होणारी जागा) स्वतःच एनर्जी खातं, त्यावर परत 5% म्हणजे तेच दोनदा धरलं. एएससीई 41 या अमेरिकन कोडची 2017 ची आवृत्ती साधारण 3% च्या वर जाऊ देत नाही. आणि ते 65 पण डॅम्पिंगचेच होते. रेले डॅम्पिंग (वजन आणि स्टिफनेसच्या प्रमाणात धरलेलं) सुरुवातीच्या स्टिफनेसवर लावलं की हिंजच्या स्टिफनेसचा तो प्रचंड आकडा डॅम्पिंगमध्ये यील्डनंतरही तसाच राहतो, हिंज जोरात फिरायला लागलं की आकडा गुणिले वेग, म्हणजे कागदावर नसलेला डॅम्पर जॉइंटला बसलेला.

ओपनसीजमध्ये पहिल्या रनला तीच बोंब, कारण जुन्या स्क्रिप्टमधून बीटा-के-इनिट, म्हणजे सुरुवातीच्या स्टिफनेसचा गुणक, उचललेला. मग चालू (टॅन्जंट) स्टिफनेस घेतला, वाटलं सुटलं. पण हिंजची ताकद उतरायला लागली की स्टिफनेस निगेटिव्ह, डॅम्पिंगपण निगेटिव्ह, रन मध्येच बंद. पावसात रात्री लाइट जायच्या आत रन संपवायचा असतो हो इथे, दोन आठवडे असेच गेले. आधी मी सगळ्यांना सांगत होतो की टॅन्जंट स्टिफनेस घ्या, ते आता मागे घेतो. खरी गोष्ट वेगळी निघाली. हिंजसाठी झिरोलेंथ (शून्य लांबीचा, स्प्रिंगसारखा) एलिमेंट घातला तर त्याला रेले मुळात लागतच नाही, त्याच्या ओळीत डू-रेले 1 लिहिलं तरच लागतं, आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये ते 1 होतं. तो एक आकडा 0 केला, बाकीच्या एलिमेंटना बीटा-के-कॉम (मागच्या पूर्ण झालेल्या स्टेपच्या स्टिफनेसचा गुणक) घेतला, डॅम्पिंगचा टक्का 3 वर आणला. जॉइंट जुळला! आणि स्टिल्टच्या मजल्याचा ड्रिफ्ट (मजल्याच्या उंचीच्या मानाने आडवं सरकणं) 1.4% वरून 1.9% वर गेला, म्हणजे आधीचा सुरक्षित आकडा खोटा होता. कुंभार्ली घाट चढला की कोयना, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची पहाट इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते, इथे असा आकडा चालत नाही. स्टिल्टच्या कॉलमचे टाय (उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा) आता जवळ घेतलेत, क्लायंट कुरकुरला पण त्याला जॉइंटची बेरीज कागदावर करून दाखवली.

मॉडेल टाइप करण्याचा त्रास आहेच, ग्राफिक्स नाहीत, एरर मेसेज अर्धे कळत नाहीत. तरी डॅम्पिंग कुठल्या एलिमेंटला लागलंय हे इथे मला ओळ दाखवून सांगता येतं. विकतचं लायसन मार्चला संपतंय, रिन्यू करणार नाही.