फ्लॅक घरात, ओपस खिशात : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

बाबांच्या शास्त्रीय संगीताच्या सगळ्या सीडी मी फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आवाजाची फाइल लहान करणारा प्रकार) उतरवल्या आणि फोनसाठी त्यांच्या ओपस १२८ प्रती (थोडा आवाज टाकून आणखी लहान केलेल्या, सेकंदाला १२८ किलोबिटच्या) केल्या. सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वासहाशे एमबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्यावर येतं आणि तरीही एक बिट हरवत नाही. आधीच्या नमुन्यांवरून (म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या आवाजाच्या मोजमापांवरून) फ्लॅक पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा हुकला तेवढंच लिहून ठेवतो. त्यामुळे संथ आलापाची फाइल लहान होते, सतारीवरच्या ‘झाला’ या वेगवान भागाची फुगते.

एमपी३ आणि ओपस मात्र खरोखर टाकून देतात. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, तोच आधी जातो. खरी परीक्षा तबल्याची. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून काम करतो. बिट कमी पडले की ठोक्याची चूक अख्ख्या तुकड्यात पसरते आणि थाप पडायच्या आधीच हलकी फसफस ऐकू येते. भाच्याला न सांगता फाइली बदलायला लावलं. एमपी३ १२८ मी तबल्यावरून बहुतेक वेळा ओळखला. एमपी३ ३२० आणि फ्लॅक यांत मात्र नुसते अंदाज ठोकत होतो. ओपस १२८ सुद्धा पकडता आला नाही, आणि त्याला तासाला साठ एमबीही लागत नाहीत. ओपस २०१२ सालचा, एमपी३ नव्वदच्या दशकातला. एवढी तफावत असणारच.

पंचवटी एक्सप्रेसमध्ये तर हा वादच फिजूल. कसारा घाटात गाडीच्या खडखडाटात तानपुरा ऐकू आला तरी पुष्कळ. शिवाय ब्लूटूथ हेडफोनला फोन आवाज पुन्हा एकदा दाबून पाठवतो, एसबीसी या ब्लूटूथच्या साध्या पद्धतीत तर नक्कीच. मग फोनमध्ये फ्लॅक भरून जागा का अडवायची? (नुसतं ऐकण्यासाठी २४ बिटच्या (सीडीपेक्षा बारीक मोजमापाच्या) फाइली महागात घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.)

अडचण एकच आली. कारमधला जुना स्टीरिओ ओपस ओळखतच नाही. गंगापूर रोडच्या गर्दीत गाण्याशिवाय बसणं जमत नाही, म्हणून पेन ड्राइव्हवर एमपी३ ३२० ठेवलाय. तो मूळ फ्लॅकपासूनच करा. ओपसपासून केलात तर दोन्हींची काटछाट एकावर एक चढते, आणि गेलेलं नंतर फ्लॅक करूनही परत येत नाही.